तालुक्याच्या गावातून एएच्या पहिल्या बैठकीला जायचे आहे. मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न: कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार. माझे वय ४४ वर्षे असून सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. सुमारे पंधरा वर्षे मी पीत आलो आणि त्यांतली शेवटची चार वर्षे एकही दिवस कोरडा गेला नाही. गेल्या महिन्यात रक्ताची उलटी झाल्यामुळे मला रुग्णालयात दाखल करावे लागले, तेथे अकरा दिवस काढले, आणि आज मला दारू थांबवून २६ दिवस झाले आहेत. घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की औषधांनी शरीर सावरेल, परंतु पुन्हा पिऊ नये असे वाटत असेल तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, बैठकांना जायला लागा.

माझ्या पत्नीने चौकशी केली, तेव्हा समजले की आमच्या गावात अशी बैठक भरत नाही. सर्वांत जवळची बैठक ३८ किलोमीटरवर, मंगळवारी आणि शनिवारी सायंकाळी सात ते साडेआठ या वेळेत भरते आणि परतीची शेवटची एसटी नऊ वाजता सुटते. ऑनलाइन बैठकाही असतात असे कळले. एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का, की घरी बसून मोबाईलवर ऐकले तरी चालेल?

खरी भीती मात्र वेगळी आहे. आमच्या पंचक्रोशीत मला सगळे ओळखतात. बैठकीत एखाद्या विद्यार्थ्याचे वडील भेटले तर मी काय करावे? तेथे उभे राहून सर्वांसमोर बोलावेच लागते का? प्रार्थना असते असे ऐकले आहे, तर हा एखाद्या धर्माचा उपक्रम आहे का? शुल्क किती असते? पत्नी सोबत यायचे म्हणते, तिला नेता येईल का?

शाळा सुटल्यावर पाच ते सात ही वेळ मला सर्वांत अवघड जाते. काल घरी येताना परमिट रूमच्या वळणावर माझी दुचाकी नेहमीप्रमाणे मंदावली. मी ब्रेक दाबल्याचे मला आठवत नाही. त्या वळणावरून पुढे गेलो खरा, पण घरी पोहोचेपर्यंत हात थरथरत होते, आणि म्हणूनच आज हे लिहायला बसलो.

प्रतिसाद १: फक्त आजचा दिवस

सर, २६ दिवसांबद्दल मनापासून अभिनंदन. मी पुण्यात राहतो आणि अकरा वर्षांपासून एएच्या बैठकांना जातो. तुमचे सगळे प्रश्न मलाही पडले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझी पहिली बैठक एका महापालिका शाळेच्या वर्गात होती. मी अर्धा तास आधी पोहोचलो आणि आत जाण्याऐवजी शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. तिसरी फेरी सुरू करणार तेवढ्यात पायरीवर उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी हाक मारली, ‘पहिल्यांदा आलात ना? या, चहा गरम आहे.’ आत चौथीच्या मुलांचे बुटके बाक होते आणि त्यांवर गुडघे दुमडून पंधरा-वीस माणसे बसली होती. फळ्यावर सकाळचा भागाकार तसाच होता. टेबलावर निळे कापड, त्यावर काही पुस्तके, एक घंटी आणि वेताची छोटी टोपली एवढेच सामान होते. मी मागच्या बाकावर बसलो आणि दीड तासात एक शब्दही बोललो नाही. मला कोणी बोलायला सांगितलेही नाही.

बोलण्याची सक्ती नसते, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाळी तुमच्याकडे आली तर ‘आज माझी पहिली बैठक आहे, मी फक्त ऐकणार आहे’ एवढे म्हणणे पुरेसे आहे. शेअरिंग चालू असताना मध्ये कोणी बोलत नाही, प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही. प्रत्येक जण स्वतःचे सांगतो आणि बसतो. तुम्ही शिक्षक असल्यामुळे सुरुवातीला हे विचित्र वाटेल, कारण येथे कोणी कोणाचे उत्तर तपासत नाही.

ओळखीचा माणूस भेटण्याची भीती मला सर्वांत जास्त होती आणि मला ओळखीचा माणूस भेटलाही. आमच्या सोसायटीच्या मागच्या इमारतीतील एक सद्गृहस्थ तिसऱ्याच बैठकीला समोर दिसले. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी नुसती मान हलवली, आणि त्यानंतर सहा वर्षांत आमच्या वसाहतीत त्यांनी माझ्याविषयी एक अक्षरही काढले नाही. बंद बैठक फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते, त्यामुळे तेथे बसलेला माणूस पाहुणा म्हणून आलेला नसतो, तुम्ही ज्या कारणासाठी आलात त्याच कारणासाठी तो आलेला असतो. खुल्या बैठकीला मात्र नातेवाईक, डॉक्टर, विद्यार्थी असे कोणीही येऊ शकतात. तेव्हा ओळखीची फार धास्ती वाटत असेल तर आधी फोन करून बैठक खुली आहे की बंद, हे विचारून घ्या. नाव, आडनाव, शाळा यांची नोंद कोठेही होत नाही, हजेरीपट नसतो आणि हवे तर नुसते पहिले नाव सांगावे.

शुल्क नाही. बैठकीच्या शेवटी टोपली फिरते आणि जागेचे भाडे, चहा, पुस्तके एवढ्यासाठी सभासद आपापल्या ऐपतीप्रमाणे त्यात पैसे टाकतात. नवीन माणसाने टोपली तशीच पुढे दिली तरी कोणी पाहत नाही. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही, असा संघटनेचा दंडक आहे. सभासदत्वाची अटही एकच, दारू सोडण्याची इच्छा.

आता अंतराबद्दल. माझे मत ठाम आहे की प्रत्यक्ष बैठक सोडू नये. ऑनलाइन बैठका चांगल्या असतात, आजारपणात आणि पावसाळ्यात त्यांनी मला सांभाळले आहे, आणि तुमच्यासारख्यांना रोज ३८ किलोमीटर जाणे अशक्य असल्यामुळे आठवड्यातील बाकीच्या दिवशी त्या जरूर कराव्यात. परंतु दारू सुटली ती दीड तासाच्या बैठकीने किती आणि तिच्यानंतरच्या पंधरा मिनिटांच्या चहाने किती, असे मला विचाराल तर मी चहाच्या बाजूने बोलेन. त्या पंधरा मिनिटांत फोन नंबर मिळतात. स्क्रीनवर बैठक संपते आणि चौकोन विझतात, खोलीत माणसे उरतात. म्हणून शनिवारी साडेआठला लगेच स्टँड गाठू नका. परतीची काही सोय होते का, हे आधीच विचारा. एएच्या हेल्पलाइनवर फोन केलात की त्या गटातील कोणीतरी तुम्हाला उलट फोन करेल आणि बहुधा पहिल्या दिवशी स्टँडवर घ्यायलाही येईल. आम्ही सगळेच हे करतो, कारण आमच्यासाठीही कोणीतरी केलेले असते.

फोनबद्दल आणखी थोडे लिहितो. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल नावाचा माणूस धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रन या गावी गेला होता. काम फसले होते, खिशात पैसे जेमतेम होते, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात उभे असताना पलीकडच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. त्याला दारू सोडून काही महिनेच झाले होते. तो बारमध्ये गेला नाही. तेथील चर्चच्या यादीवरून तो एकामागून एक फोन करत सुटला, कारण बोलायला आणखी एखादा पिणारा माणूस मिळाला तरच आपण आज वाचू, हे त्याला कळून चुकले होते. त्या फोनांतून त्याची डॉ. बॉब या शल्यविशारदाशी गाठ पडली, आणि डॉ. बॉब ज्या दिवशी शेवटचे प्यायले तो १० जून १९३५ हा दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो. भारतात एए १९५७ साली मुंबईत सुरू झाली. हे सगळे सांगण्याचे कारण तुमचे ते परमिट रूमचे वळण. पहिल्या बैठकीला मिळालेल्या नंबरांवर, गरज नसतानाही, रोज एक फोन करत जा. हाताला सवय लागली तरच त्या वळणावर हात फोनकडे जाईल. आणि तोवर घरी जायचा रस्ता बदला, दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील.

एका बैठकीवरून मत बनवू नका. गटागणिक माणसे वेगळी, वातावरण वेगळे. निदान सहा बैठका करा आणि मग ठरवा.

प्रतिसाद २: उंबरठा

सर, मी कोल्हापूरची. माझे यजमान सहा वर्षांपासून सोबर, म्हणजे दारूपासून दूर, आहेत. वहिनींसाठी लिहिते आहे, त्यांना अवश्य वाचायला द्यावे.

खुल्या बैठकीला तुम्ही दोघे जाऊ शकता आणि पहिल्यांदा जावेच, म्हणजे तुम्ही कोठे जाता, तेथे काय होते, हे त्यांना स्वतः पाहायला मिळेल. बंद बैठकीला मात्र तुम्ही एकटेच जावे. वहिनी बाहेर थांबल्या तर तुमचे लक्ष दाराकडे राहील आणि त्यांचे घड्याळाकडे.

वहिनींनी स्वतःसाठीही बैठक शोधावी, हे माझे कळकळीचे सांगणे आहे. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन नावाची स्वतंत्र संघटना आहे. बिल यांच्या पत्नी लोइस यांनी ती १९५१ साली उभी केली, कारण नवऱ्याने दारू सोडल्यावरही आपल्या मनातला राग तसाच राहतो, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. माझे तेच झाले होते. नऊ वर्षे मी बाटलीवर नेलपॉलिशने खूण करून किती कमी झाली ते पाहत असे. दार उघडले की आधी श्वास हुंगायचा आणि मग चेहऱ्याकडे पाहायचे, अशी मला सवय लागली होती. यजमानांनी पिणे सोडल्यावर दीड वर्ष झाले तरी मी त्यांचा टॉवेल हुंगत होते. ते एकदा म्हणाले, ‘तू मला अजून रुग्णालयातून घरी आणलेलेच नाहीस.’ त्या रात्री मी खूप रडले आणि दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा अल-ॲनॉनच्या बैठकीला गेले. तेथे मला कोणी ‘तुम्हीच लाडावून ठेवलेत’ असे म्हटले नाही, जे मी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ऐकले होते.

जवळपास गट नसेल तर ऑनलाइन बैठका आहेत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो, त्याचाही आधार अनेकींना झाला आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या या केंद्राच्या पाठपुराव्याच्या बैठका इतर शहरांतही होतात, तेव्हा चौकशी करून पाहावी. घरात दहा-बारा वर्षांची मुले असतील तर त्यांच्याशीही मोकळेपणाने बोला. त्यांना सगळे माहीत असते.

आणखी एक. ‘जेवणातून गुपचूप गोळी द्या’ असे सांगणारे हितचिंतक भेटतील. कृपा करून तसे करू नये. आमच्या नात्यात तसा प्रकार होऊन माणूस अतिदक्षता विभागात गेला होता.

प्रतिसाद ३: ओपीडी

मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. वरील दोन्ही प्रतिसाद अनुभवाचे आहेत आणि त्यांत मी वैद्यकीय बाजूची थोडी भर घालतो.

जेवणातून दिली जाते ती गोळी बहुधा डायसल्फिरामची असते. ती घेतलेली असताना दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणे असे होते आणि क्वचित जीवही जातो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि यकृताची तपासणी करूनच दिले जाते. सरांच्या बाबतीत रक्ताची उलटी झालेली असल्यामुळे ते द्यावे की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. दूरबिणीची पुढची तपासणी ठरलेली असेल तर ती बरे वाटते म्हणून टाळू नये.

हे वाचून जे रोज पिणारे लोक आजच दारू बंद करून शनिवारच्या बैठकीला जाण्याचा विचार करत असतील, त्यांनी थांबून आधी डॉक्टरांना भेटावे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू थांबवल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास, प्रचंड घाम आणि ताप असलेली जी अवस्था येऊ शकते, ती उपचारांविना प्राणघातक ठरू शकते. रुग्णालयातील काही दिवसांच्या देखरेखीने आणि औषधांनी हे बहुतांशी टाळता येते. सर त्या टप्प्यातून गेलेले आहेत, त्यामुळे हे त्यांच्यासाठी नाही.

बैठकांचा उपयोग होतो का, असे रुग्ण मला विचारतात. २०२० साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएकडे वळवणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने पूर्ण कोरडे असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते आणि इतर प्रचलित मानसोपचारांनंतर ते सुमारे ३५ टक्के होते. हा फरक मी माझ्या दवाखान्यात गंभीरपणे घेतो. त्याच वेळी, एखाद्या जुन्या सभासदाने ‘आता गोळ्या कशाला, बैठका पुरे’ असे सांगितले तर ऐकू नये. सभासदांनी डॉक्टर होऊ नये, ही एएचीही अधिकृत भूमिका आहे. नैराश्याची किंवा झोपेची औषधे चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारूनच कमी करावीत.

व्यसनासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन आहे, दोन्ही विनामूल्य. पाच ते सात या वेळेत कोणाचाच फोन लागला नाही तर या क्रमांकांवर बोलावे. शाळेत कळेल या भीतीने अनेक शिक्षक, पोलीस आणि बँक कर्मचारी उपचार टाळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारूच्या गैरवापराशी निगडित विकारांनाही मानसिक आजार मानतो आणि त्यांवरील उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला देतो.

प्रतिसाद ४: नास्तिक पण सोबर

प्रार्थनेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी देव मानत नाही आणि बैठकीच्या शेवटी सगळे हात धरून उभे राहतात तेव्हा सुरुवातीला मला पळून जावेसे वाटे. एएचा कार्यक्रम ज्या बारा पायऱ्यांचा आहे, त्यांमध्ये परमेश्वराचा उल्लेख आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण तो ‘आपापल्या आकलनाप्रमाणे’ घ्यायचा आहे आणि ही सवलत कागदावरची नाही. माझ्या गटात नमाज पढणारा आहे, वारी करणारा आहे, चर्चला जाणारी बाई आहे आणि मी आहे. माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणून मी त्या खोलीतल्या माणसांनाच मानले, कारण मला एकट्याला जे जमले नव्हते ते त्यांना जमलेले मी पाहत होतो. ज्यांना हेही जमणार नाही त्यांच्यासाठी ‘स्मार्ट रिकव्हरी’ हा १९९४ पासूनचा निरीश्वर पर्याय आहे, त्याच्या ऑनलाइन बैठका इंग्रजीत मिळतात.

प्रतिसाद १ शी एका बाबतीत माझा मतभेद आहे. त्यांना ३८ किलोमीटर ही अडचण वाटते. मी बोरिवलीचा असून पहिली दोन वर्षे मुद्दाम दादरच्या गटाला जात असे, कारण तेथे मला कोणी ओळखत नव्हते आणि लोकलमधला तो पाऊण तास मला विचार करायला मिळत असे. लांबच्या बैठकीचेही फायदे आहेत.

प्रतिसाद ५: फक्त आजचा दिवस

मतभेद मान्य. तरीही लोकल दर पाच मिनिटांनी असते आणि एसटी एकदा चुकली की चुकली. ज्या संध्याकाळी जीव फार कासावीस होईल, त्या संध्याकाळी पोहोचता येईल अशी एक तरी खोली माणसाला हवी, एवढेच माझे म्हणणे होते. सर, दोन-तीन माणसे दारूपासून दूर राहण्यासाठी एकत्र बसली तरी त्यांना एएचा गट म्हणवून घेता येते. सध्या त्याचा विचार नको, पण मनात असू द्या.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल, शनिवारी, जाऊन आलो. आज ३१ वा दिवस.

हेल्पलाइनवर फोन केल्यावर दोन तासांत एका सभासदांचा फोन आला. बैठक बंद होती, त्यामुळे पत्नी घरीच थांबली आणि तिने अल-ॲनॉनच्या ऑनलाइन बैठकीची वेळ लिहून घेतली. स्टँडवर सभासद उभे होते. खोलीत चौदा माणसे होती आणि माझ्या ओळखीचे कोणीही नव्हते. ज्या गोष्टीची मी आठवडाभर धास्ती घेतली ती झालीच नाही. झाले ते असे की सुरुवातीला प्रत्येकाने एकेक परिच्छेद वाचायचा होता आणि माझ्या वाट्याला पहिली पायरी आली. वीस वर्षे वर्गात मोठ्याने वाचणारा माणूस मी, पण दारूपुढे हतबल झाल्याच्या कबुलीपाशी आलो आणि आवाज फुटेना. पुस्तक हातात थरथरायला लागले. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या कोपराला हात लावला, बोट ठेवून ते वाक्य त्यांनी पुरे केले आणि पुढचे मला वाचू दिले. त्यावर कोणी काही बोलले नाही. शेअरिंगमध्ये मी फक्त नाव सांगितले.

चहाला थांबलो. पाच नंबर मिळाले. ते शेजारचे गृहस्थ भाजीचा व्यापार करतात आणि आमच्याच रस्त्यावर, माझ्या गावापासून नऊ किलोमीटर अलीकडच्या गावी राहतात. दोन वर्षांपासून ते आठवड्यातून दोनदा नऊच्या एसटीने एकटेच परत जातात. काल आम्ही दोघे एका बाकावर बसून आलो. बोलणे फारसे झाले नाही. उतरताना त्यांनी ‘मंगळवारी?’ एवढेच विचारले.

घरी जायचा रस्ता बदलला आहे. मंगळवारची गाडी आमच्या स्टँडवरून पाच चाळीसला सुटते आणि ते पुढच्या थांब्यावर चढणार आहेत, त्यांच्यासाठी जागा धरून ठेवायची आहे.